दुपारची टकटक

माजिवड्याच्या सिग्नलला माझी रिक्षा थांबली होती. शेजारी एक जण जुन्या बाइकला किकवर किक मारत होता आणि गाडी काही स्टार्ट घेत नव्हती. मी, ऑफिसला निघालेली साडीतली बाई, रिक्षातून अर्धी बाहेर वाकून त्याला सांगत होते, "भाऊ, किक पोकळ जातेय तुमची. टॅपेट बघून घ्या आधी!" तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू रिक्षाच बोलली. तेवढ्यात नितीनचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "वैशाली... अण्णा गेले गं." आणि माझ्या मनात पहिलं काय यावं? की हा बाइकवाला आता अण्णांना सांगायचा राहिला. संध्याकाळी ही गोष्ट ऐकली असती तर आजारपण विसरून उठून बसले असते. "मग? प्लग काढून बघितला का त्याने?" हे नक्की विचारलं असतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर केली. लग्न होऊन मी विठ्ठलवाडीहून डोंबिवलीला आले, तेव्हा तळमजल्यावरच्या आमच्या खोलीच्या खिडकीखाली त्यांची लाल मोटरसायकल उभी होती, नितीनच्या बारशाच्याही आधीची. गाडी बिघडली की माणसं वैतागतात. अण्णांचं उलटं! बिघाड म्हणजे त्यांना माहेरचा पाहुणा आल्यासारखं व्हायचं. बाह्या सरसावून, डोळे बारीक करून, "आलास का, ये, तुला दाखवतोच" असं खरोखर इंजिनाशी बोलायचे. मी सुरुवातीला घाबरलेच होते, म्हटलं कुठल्या घरात येऊन पडले!

दोन वर्षांपूर्वी ती गाडी कल्याणला जाताना पत्री पुलावर बंद पडली. ढकलत आणली. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन खोलावं लागेल, पिस्टनचं काम निघणार. त्यावर आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, हात जोडले. "अहो, आता पुरे. इंजिन खोलायचं असेल तर गाडी सरळ भंगारात द्या. न खोलता दुखणं सापडलं तर ठेवा. रविवारपर्यंत बघा." अण्णांचा चेहरा पडेल असं मला वाटलं... छे! माणूस उजळला! "वैशाली, रविवारी सकाळी तुझा अंगठा लागेल मला," म्हणाले. मला वाटलं कुठे सही-अंगठा करायचाय.

रविवारी त्यांनी आधी मला हाताने किक दाबायला लावली. "एका जागी ती अडली पाहिजे, आतली हवा दाबली जाते म्हणून." ती कुठेच अडली नाही, गुमान खाली गेली. मग प्लग काढला आणि त्या भोकावर माझा अंगठा ठेवला. "गच्च दाब. चांगलं इंजिन तुझा अंगठा उडवून लावेल." त्यांनी रेस पूर्ण पिळून किक मारली. अंगठ्याला नुसती फुंकर लागली. आई खिडकीतून बघत होत्या, न राहवून म्हणाल्या, "म्हणजे कुकरची शिट्टी होत नाही तसंच की हे! एक तर रिंग गेलेली असते, नाहीतर शिट्टी नीट बसलेली नसते." अण्णा टाळी वाजवून ओरडले, "अगं, हेच तर शोधायचंय! पिस्टनला पण रिंगच असते. दे तुझा फोडणीचा चमचा!" आई नाही नाही म्हणेपर्यंत तो चमचा इंजिन ऑइलमध्ये बुडाला होता. चमचाभर तेल त्या भोकातून आत सोडलं. रिंग झिजली असेल तर तेलाने फट बुजते आणि जोर परत येतो. पुन्हा अंगठा, पुन्हा किक... पुन्हा फुंकरच! "रिंग ठीक आहे! मेकॅनिक खोटा पडला! आता व्हॉल्व्ह," म्हणत साठी उलटलेला माणूस अंगणात नाचला.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाचं, झाकण उघडून त्यांनी फट मोजायचं पातळ पातं आत सारलं. सगळ्यात पातळ पातंही जाईना. टॅपेट इतकं आवळलेलं, की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हता आणि हवा तिथून पळत होती. अण्णा थबकले. मग कपाळावर हात मारून हसत सुटले. "च्यायला, हे तर मीच केलंय! हिची अर्धशिशी उठायची ना, दुपारी खिडकीखाली सैल टॅपेटची टकटक नको म्हणून मी आवळत गेलो." आई म्हणाल्या, "म्हणजे माझ्यापायी गाडी मारायला निघालात होय?" आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. हसत होत्या की काय, मला दिसलं नाही. टॅपेट सैल केलं, गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली, भंगार टळलं. टकटक मात्र परत आली. त्या दिवसापासून आई दुपारी कानात कापूस घालून झोपायच्या आणि चमचा टूलबॉक्सात गेला तो गेलाच.

मग अण्णांचं आजारपण आलं. गाडी पाच-सहा महिने जागची हलली नाही. ते गेल्यावर काही आठवड्यांनी नितीन म्हणाला, "आई, एक जण गाडी विचारतोय. देऊन टाकायची?" आई बाहेर गेल्या, वाकून हाताने किक दाबली. ती गुमान खाली गेली. "गेलं गं इंजिन," त्या म्हणाल्या, "त्यांच्यामागोमाग गेलं. द्या देऊन." त्यांचा तो आवाज मला सहन होईना. "थांबा आई, असं कसं गेलं? अंगठा आणा इकडे!" मी प्लग काढला. त्यांचा अंगठा भोकावर, मी साडी खोचून किकवर. फुंकर. आईंनी मान हलवली. मी टूलबॉक्सातला तो चमचा काढला, तेल सोडलं, दोन-चार किका रिकाम्या मारल्या. अण्णा मागे उभे राहून "गच्च दाबायला सांग तिला" म्हणतायत असं वाटत होतं. "दाबा आई, गच्च!" मी किक मारली.

"अगं बाई! ढकललं की मला!" आई किंचाळल्या. अंगठा वर, डोळे पाण्याने भरलेले, आणि तोंडभर हसू. इतके दिवस उभी राहून रिंग कोरडी पडली होती, एवढंच दुखणं! प्लग बसवून किक मारली, तर सगळ्या अंगणात धूरच धूर, वरच्या मजल्यावरचे डोकावले, आणि धुरातून टकटक, टकटक... नितीन म्हणाला, "आवाज फार करतेय, टॅपेट जरा आवळून घेऊ का?" आई गर्रकन वळल्या. "हात लावशील तर खबरदार!"

गाडी विकली नाही. दर रविवारी जेवणं झाली की मी ती खिडकीखाली थोडा वेळ सुरू ठेवते. आई खाटेवर आडव्या होतात, कानात आता कापूस नसतो. परवा बघितलं, तर पाचेक मिनिटांत त्यांना गाढ झोप लागली होती. उगाच पेट्रोल कशाला जाळायचं म्हणून मी हळूच गाडी बंद केली. त्या लगेच जाग्या झाल्या. "बंद का केलीस गं?"