बंदी पांदण

आमच्याकडे किनाऱ्यावर सायकल चालवायची तर आधी भरती-ओहोटी बघावी लागते. ओहोटी लागली की ओली वाळू डांबरासारखी घट्ट होते आणि जाड टायरची सायकल तिच्यावरून आवाज न करता जाते. सुरूच्या बनातून निघायचं, जांभ्याच्या सड्यावर, त्या सपाट कातळावर, चढायचं, पलीकडे उतरून जुन्या किल्ल्याच्या तटाखाली वाळूवर यायचं, असा आमचा मार्ग होता. शहरातले लोक तो चालवायला यायचे. मी सगळ्यांच्या मागे, पाठीवर हत्यारांची पिशवी घेऊन. आठवीत शाळा सोडली तेव्हापासून पंक्चर काढत होतो. हे बरं काम सरांनी दिलं. सायकल सहलींचा धंदा त्यांचाच.

माझा धाकटा भाऊ होडीवर जायचा. एका सकाळी होडी परत आली, तो आला नाही. वादळ नव्हतं, काही नव्हतं. मला सांगायला आले तेव्हा मी ब्रेकची वायर ताणत होतो. ती पूर्ण ताणली, नट आवळला, मग उठलो. रडू आलं नाही. पुढेही आलं नाही. फक्त हातांना काही कळेनासं झालं. वाळूवर आलो की हँडल धरलंय की नाही हे बघून ठरवावं लागायचं. समुद्राकडे मी बघत नव्हतो, पण तो बाजूला असायचाच, पूर्ण वाटभर.

सरांच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या कुणी मला घरी बसवलं असतं. त्यांनी वाशीम जिल्ह्यात पाठवलं. तिकडे टेकड्या आहेत, सागाचं जंगल आहे, जुनी देवळं आहेत, मार्ग आखून दे, चांगला झाला तर तो तूच सांभाळ, असं म्हणाले. त्याचे उपकार मी विसरणार नाही. वाशीम कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. समुद्र लांब आहे एवढं विचारून घेतलं होतं.

रिठदच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या घरी माझी सोय केलेली होती. घरात काका, मावशी आणि त्यांची म्हैस. सोयाबीन निघालेलं, तूर उभी, हरभरा नुकता वर आलेला. आमची माती लाल, इथली काळी. ओली असली की चाकाला अशी गुंडाळते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि वाळली की तिच्या भेगेत चाक अडकतं. त्यात सोयाबीनची धसकटं आणि सराटे. सराटा म्हणजे बारीक काटेरी गोळी, जमिनीला चिकटून पडलेली. टायरमधून सराटे उपसत बसणं हा माझा संध्याकाळचा उद्योग झाला. काका बाजेवर बसून बघायचे आणि म्हणायचे, गड्या, आमचे बैल बरे, त्याइले हवा भरा लागत नाही.

बोलणं मला निम्मं कळायचं. मराठीच, पण वेगळ्या मापानं शिवलेली. न कळलेलं परत विचारायची मला सवय नाही. शाळेत विचारलं की मागचे बाक हसायचे. शाळा सुटली तरी ते सुटलं नाही. मग मी अंदाजानं मान हलवायचो.

जेवणाचंच बघा. मी भाताचा माणूस. घरात दोन्ही वेळा भाकरी, पण मावशी माझ्यासाठी रोज वेगळा भात टाकायची. मी न मागता. पहिल्यांदा वाढलेला संपला की ती पातेल्यात बघून काहीतरी म्हणायची, त्यात मला ऐकू यायचं, भात बंद. मी लगेच हात धुवायचो. परक्या घरात आणखी काय मागणार? भाकरीचा तुकडा खिशात घालून निजायला जायचो. मावशीचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता. मला वाटायचं, आपला कंटाळा आला असेल.

मार्ग मात्र जमत आला होता. रिठदच्या काळ्या रानातून निघून टेकड्यांवर चढायचं, सागातून जायचं, आणि शेवटी जऊळक्याच्या स्टेशनाकडे उतरायचं, म्हणजे लोकांना गाडी धरता येईल. मध्ये एक जुनी दगडी बारव आहे असं काका म्हणाले होते, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येणारी विहीर. तिच्याकडे जाणारी वाट मी जंगलाच्या कडेला शोधत होतो. दोन्ही बाजूंनी बोराटी, मध्ये बैलगाडीची चाकोरी. शेतांमधल्या अशा वाटेला पांदण म्हणतात. तोंडाशी एक बकऱ्यावाला बसला होता. मी पुढे रस्ता आहे का म्हणून विचारलं. त्यानं काठी हवेत आडवी फिरवली आणि म्हणाला, बंदी हाय. त्याच्यापुढे आणखीही काही म्हणाला. मी ते ऐकायला थांबलो नाही. पलीकडे वनखात्याचा फलक दिसत होता, आणि बंदी हा शब्द मला चांगला कळतो. कुणी पावती फाडेल, सायकल ठेवून घेईल, सरांना फोन जाईल, हे सगळं माझ्या डोक्यात तेवढ्यात होऊन गेलं. मी वळलो आणि डांबरी सडकेनं जऊळक्याला गेलो.

तोच मार्ग मोबाइलवर नोंदवून पाठवला. सरांचा दुसऱ्या दिवशी फोन आला. रागावले नाहीत. अर्धा मार्ग डांबराचा आहे, म्हणाले, ट्रकमागून सायकल चालवायला लोक इतक्या लांब का येतील? आठवड्यानं मी चार जणांना घेऊन येतोच आहे, काही सुचलं तर बघ, नाहीतर वाशीमचा विषय संपवू. मग अगदी मायेनं म्हणाले, "तसंही किनाऱ्यावरचा सीझन सुरू होतोय. तिथं मला माणूस हवाच आहे."

मी हो सर म्हणालो. फोन खिशात ठेवला. सायकल उलटी करून सराटे काढायला लागलो, आणि थोड्या वेळानं बघतो तर एक अंगठ्यात शिरला होता, रक्त आलं होतं. मला कळलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना काकांनी विचारलं, झाला का रस्ता. मी सांगितलं की बारवेकडे जाता येत नाही, तिकडे बंदी आहे. काकांचा घास हातातच राहिला. तिकडे तर त्यांच्या चुलतभावाचं वावर, रोज बैलगाडी जाते.

"कोनं सांगतलं तुले?"

बकऱ्यावाल्यानं सांगितलं, म्हटलं. काय म्हणाला, नीट सांग, असं दोनदा विचारलं तेव्हा मी आठवून आठवून त्याचे शब्द जुळवले: बंदी हाय पांदण, थेट बारवीलोक.

काका मावशीकडे बघायला लागले, मावशी काकांकडे. मग काका असे हसले की ठसका लागला. मावशी पाण्याचा गडू त्यांच्यापुढे करत म्हणाली, "अरे बाप्पा, बंदी म्हन्जे अख्खी. बंदी वाट पांदणच हाय, पार बारवीपर्यंत, असं सांगून राह्यला होता तो तुले."

बंदा म्हणजे सगळा. बंदी म्हणजे सगळी. मी ताटाकडे बघत बसलो. मावशीनं सवयीनं पातेलं पुढे ओढलं होतं, आणि तिच्याही हातातलं उलथनं थांबलं. तिला माझ्याआधी कळलं.

"म्हन्जे मी रोज भात बंदा पडला हाय म्हणो, अन् तू उठून जाय..."

मी मान खाली घातली. ती हसली नाही. तिला वाटत होतं की पोट्ट्याला आपल्या हातचं आवडत नाही. उरलेला भात रोज सकाळी म्हशीला जात होता. काकांनी म्हशीच्या दुधात मागच्या पंधरवड्यात कशी साय आली ते गंभीरपणे सांगितलं. मावशीनं त्यांना गप्प केलं आणि पातेलं माझ्या ताटात उपडं केलं. "आता खाय. काही विचाराचं असलं तं तोंड हाय तुले." मी खाल्लं. चव कळली असं म्हणणार नाही, पण पोट भरलं.

सकाळी पांदणीच्या तोंडाशी बकऱ्यावाला तिथंच होता. "परवा कायले पळाला गा? मी का वाघ होतो?" म्हणाला. मी त्याला तंबाखूची पुडी दिली, मावशीनं दिलेली, आणि आत शिरलो.

वाट सुरेख होती. हे मी कामाच्या नजरेनं सांगतो. आधी बोरी-बाभळी, मग साग, पानं वाळून खाली पडलेली, चाकाखाली पापडासारखी वाजत होती. एक चढ असा की गिअर पूर्ण खाली आणावा लागतो, मग मुरमाचा लांब उतार, आणि उतार संपतो तिथं बारव. चौकोनी, काळ्या दगडाची. कोनाड्यात शेंदूर लावलेला एक देव, नाकडोळे झिजलेले. मी सायकल आडवी ठेवली आणि पायऱ्या उतरलो. उतरायची गरज नव्हती. मार्गाला नुसती बारव दिसली तरी पुरे होती.

पाणी हिरवं होतं, हलत नव्हतं. वर सागाचं एक पान पडलेलं, तेही हलत नव्हतं. मी शेवटच्या कोरड्या पायरीवर बसलो आणि हात पाण्यात घातला. गार लागलं. आणखी काही झालं नाही. बराच वेळ हात तसाच ठेवला आणि गार लागत राहिलं. मग वर येऊन मार्गाची नोंद पुढे चालू केली.

सर आले, चौघे आले. पहिल्याच तासात सगळ्यांची पंक्चर झाली आणि मला बरं वाटलं, कारण तेवढं काम मला येतं. मावशीनं झुणका-भाकर बांधून दिली होती, ती बारवेच्या काठावर सोडली. चौघांतली एक बाई पायऱ्यांवर इतकी रमली की तिला हाका मारून वर आणावं लागलं. सर माझ्याकडे आले, भाकरी खात खातच म्हणाले, हा ठेवू आपण. उन्हाळ्यापर्यंत गट आणत राहू.

एरवी मी मान हलवली असती. पण मान हलवून माझं काय झालं होतं ते ताजं होतं. मी विचारलं, "म्हणजे बंदा सीझन मी इथंच?"

"बंद कुठे, चालू करतोय म्हटलं ना," सर वैतागून म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी परत विचारलं, साध्या शब्दांत, की किनाऱ्यावर मला जावं लागणार नाही ना. त्यांनी भाकरी खाली ठेवली. नाही, म्हणाले, तुला जावंसं वाटेपर्यंत नाही. मग टायरची हवा बघायच्या निमित्तानं उठून गेले.

गट जऊळक्याहून गाडीनं गेल्यावर मी स्टेशनाबाहेरूनच घरी फोन लावला. आई आधी नेहमीप्रमाणे जेवलास का विचारते, तसं विचारलं. मी हो म्हणालो. मग सांगितलं की या सीझनला मी येत नाही, इथलं काम कायम झालंय.

"थंय पाणी नाय मां?" तिनं विचारलं.

आहे, म्हटलं. एका विहिरीत आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि हलत नाही.

"बरा," म्हणाली. "रव थंयच."

राहतो, म्हटलं आणि फोन ठेवला. परतीला उजेड होता तोवर पांदणीनंच निघालो. बकऱ्यावाला घरी गेला होता. मावशीला भात टाकायला सांगायचं राहिलं होतं, पण ती टाकतेच.