भूकंपाआधीचा गुलाब

लातूरच्या विज्ञान प्रदर्शनात एक भन्नाट यंत्र आलं होतं. जुन्या कुपीच्या तळाशी उरलेल्या थेंबावरून म्हणे दीडशे वर्षांपूर्वीचं गुलाबाचं अत्तर पुन्हा जुळवलेलं. बटण दाबायचं आणि हुंगायचं! मी क्लासची पोरं घेऊन गेलो, पण त्यांच्यापेक्षा मीच जास्त हरखलो होतो.

रांगेत माझ्यापुढे बगलेत अत्तराची पेटी धरलेले एक म्हातारे चाचा होते. ओळख ना पाळख, त्यांनी गुलाबाचा फाया माझ्या कानात खोचला.

"अन् तुम्ही नाही लावला?"

"म्या गुलाब इकतो सर, हुंगत न्हाई. भूकंपात मढी काढणाऱ्यांच्या रुमालावर सगळा गुलाब ओतला व्हता. तवापासनं गुलाब म्हणलं की त्योच वास येतो."

"मग रांगेत कशाला?"

"बघू की!"

त्यांचा नंबर आला. त्यांनी बिचकतच बटण दाबलं, डोळे घट्ट मिटले. यंत्र फुसफुसलं. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि चेहरा असा काही उजळला!

"सर, ह्यो भूकंपाच्या आधीचा हाय!" ते ओरडलेच.

मग पेटी माझ्या हातात कोंबून ते अक्षरशः पळत गेले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहिले.