चौथ्या भागातला ट्रक

त्या कादंबरीच्या लेखकानं मला फसवलं आणि मी माझ्या भागीदाराला फसवलं. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकाच्या चौथ्या भागात झाल्या. मी केलं त्याचा जाब मला द्यावा लागला, भर बाजारात, दिवसाउजेडी. लेखकाला मात्र आजपर्यंत कुणी काही विचारलेलं नाही.

मी शेळ्यांचा दलाल. आमच्या घरी मेंढरं होती. सातवीनंतर शाळा सुटली आणि मी मेंढरांमागून बाजारात आलो. कुणी हात धरून धंद्यात आणलं नाही, त्यामुळं कुणाचे पाय धरायची वेळही आली नाही. स्वभाव तापट. भाव पाडण्यात आमच्या भागात माझा हात धरणारा नव्हता, आणि हे मी नाही, माझ्यावर चिडलेले लोक सांगायचे.

वाचायची सवय बाजारानंच लावली. सौदे सकाळी उरकतात, जीप भरेपर्यंत दुपार जाते. त्या वेळेत मी रद्दीवाल्याच्या ढिगाजवळ बसायचो. पुस्तक घेताना पहिलं पान कधी बघत नाही. पहिलं पान सगळ्यांचंच चांगलं असतं. मी मधलं पान उघडतो, बोकडाचं तोंड उघडून दात बघावेत तसं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात असंच एक पुस्तक उघडलं. वरचं कव्हर गेलेलं, आत 'भाग पहिला' असं छापलेलं. एक शाळामास्तर आणि एक रेडिओ दुरुस्त करणारा. मास्तर दर आठवड्याला रेडिओ घेऊन त्या दुकानात जातो. तिसाव्या पानापर्यंत मी कथेत बाई येण्याची वाट बघत होतो. ती आलीच नाही. मग दुकानदार एक दिवस रेडिओ न उघडताच परत देतो आणि म्हणतो, हा कधी बिघडलेलाच नव्हता.

मी पुस्तक मिटलं आणि इकडं-तिकडं बघितलं. असं असतं हे मला माहीत होतं. माझ्यापुरतं चांगलंच माहीत होतं. पण ते कुणी लिहून, छापून, दोऱ्यानं शिवून ठेवलं असेल, हे माहीत नव्हतं. रद्दीवाल्याशी मी नेहमीसारखी घासाघीस केली नाही. तो इतका दचकला की त्यानं पुस्तक परत मागून चाळून बघितलं.

दुसरा आणि तिसरा भाग हिंगोलीत स्टँडजवळच्या वाचनालयात मिळाले. तिथले म्हातारे गृहस्थ पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, कशावर आहे हो हे? मी म्हणालो, शेळीपालनावर. त्यांनी मान हलवली आणि चौथा भाग आला की ठेवतो म्हणाले.

आता भागीदाराविषयी. तो पुसेगावकडचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. शाळेत एक दिवस गेलेला नाही. पण शेळीच्या तोंडात बोट घातलं की न बघता वय सांगायचा. आम्ही जोडीनं धंदा करायचो. मी विकणाऱ्याला तापवायचो, तो थंड करायचा. दुपारी बाजार पातळ झाला की जीपच्या अड्ड्यामागं लिंबाच्या सावलीत मी त्याला ही कादंबरी वाचून दाखवायचो. लोकांना वाटायचं, सरकारी योजनेची माहिती चालली आहे. एकदोघांनी कर्ज कधी मिळतं म्हणून विचारलंही.

तो ऐकायचा फार बारकाईनं. दुसऱ्या भागात मास्तर गावी जातो आणि तिथं शेळी त्याचा सदरा वरच्या दातांनी धरून ओढते, असं लिहिलं होतं. इथं त्यानं मला थांबवलं. ते वाक्य परत वाचायला लावलं. शेळीला वरच्या जबड्यात पुढं दातच नसतात, हे आमच्याकडं शेंबडं पोरगं सांगेल. तो हसून हसून आडवा झाला. पुढं आठवडाभर कुणी अडाणीपणा केला की तो म्हणायचा, "ह्याच्या शेळीला वर दात हायेत."

तिसऱ्या भागात एक प्रसंग होता. मास्तर भर मंडईत त्या रेडिओवाल्याचा हात धरतो आणि सगळी मंडई थबकून बघायला लागते. यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो. आमच्या बाजारात दिवसभर पुरुष पुरुषाचा हात धरूनच असतो. भाव तोंडानं बोलायचा नाही अशी रीत आहे. दोघं हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. मूठ मिटली म्हणजे सौदा नाही. आणि एक नियम आहे, रुमालाखाली खोटं सांगायचं नाही. ज्यानं सांगितलं त्याला पुढच्या बाजारी कुणी हात देत नाही. सौदा झाल्यावरही कुणाचा हात थोडा वेळ तसाच राहिला, तर बघणाऱ्याला काय कळणार? आमचा राहायचा. लेखक बिचारा शहरातला. त्याला रुमाल माहीत नव्हता.

मला या कादंबरीविषयी जे कुतूहल वाटायचं, ते प्रेमाविषयी नव्हतं. प्रेम समजतं. तिसऱ्या भागात ते दोघं एक खोली घेतात. मग पाणी कोण भरतं? घरमालकानं काही कसं विचारलं नाही? दोघांपैकी एकाची आई आली तर ती झोपते कुठं? लेखक चांदण्यावर दोन पानं लिहायचा आणि भाकरीवर एक ओळ नाही. भागीदाराचा प्रश्न एकच असायचा. "सकाळी चहा कोण ठेवतो त्येंच्यात?" पुस्तकात कुठंच नव्हतं.

हा प्रश्न रिकामा नव्हता. त्या वर्षी हिंगोलीत एक खोली मी बघून ठेवली होती. पत्र्याची, सामाईक नळाची. दोन दलालांनी धंद्यासाठी खोली घेतली तर कुणी भुवई उचलणार नव्हतं. भागीदारही ती बघून आला. दारातून आत गेला, भिंतीवर खुंटी हलवून बघितली. तिकडं त्याचा मामा त्याच्यासाठी पोरी बघत होता आणि तो दर वेळी काही ना काही खोड काढून मोडत होता. खोलीचं काय, असं मी विचारलं की हसून म्हणायचा, "चौथा भाग तं होऊ दे." मी ते थट्टेवारी नेलं. तो थट्टा करत नव्हता, हे मला कळायला हवं होतं.

चौथा भाग आला. वाचनालयातून घेतला आणि जीपमध्येच उघडला. या वेळी माझा नियम मोडून शेवटाकडं गेलो. रेडिओवाला रस्ता ओलांडतो, ट्रक येतो, तो मरतो. दोन पानांत. पुढच्या पानावर पाऊस. त्याच्या पुढच्या पानावर मास्तरचं लग्न. बायको चांगली आहे, असं लिहिलं होतं.

मी ड्रायव्हरला जीप थांबवायला लावली आणि पुस्तक तुरीत भिरकावलं. मग आठवलं, ते वाचनालयाचं आहे. उतरून तुरीत शोधायला गेलो. मागून कुणीतरी ओरडलं, काय मास्तर, नापास झाले का? त्याच्याशी पुढचा सगळा रस्ता भांडलो.

तीन भाग ज्या माणसाला वाढवलं, त्याला मारायचं होतं तर कारण तरी द्यायचं. आजार द्या, भांडण द्या. रस्त्यावरचा परका ट्रक आणून प्रश्न मिटवायचा, ही कुठली रीत? आमच्यात याला खोड लपवून जनावर विकणं म्हणतात.

लिंबाखाली भागीदार वाट बघत होता. त्यानं पान काढून चुना लावला आणि मांडी घालून बसला. मी वाचायला लागलो. ट्रक आला, असं वाचलं. करकचून ब्रेक लागला, असं पुढं वाचलं. पुस्तकात ब्रेक नव्हता.

एकदा ब्रेक लावल्यावर थांबता येईना. त्या दोघांना पुढं न्यावं लागलं. दर बाजारी मी तेच पुस्तक उघडायचो, पानं उलटायचो आणि मनानं सांगायचो. चहा जो आधी उठेल तो ठेवायचा. मास्तरची आई आली तेव्हा रेडिओवाला ओट्यावर झोपला. घरमालकानं विचारलंच, आणि मास्तरनं त्याला सरळ सांगितलं की भाडं वेळेवर मिळतं ना. पावसाळा गेला, हिवाळा गेला. भागीदार एकदा म्हणाला, "हे पुस्तक रबराचं हाय का गड्या?" पण ऐकत राहिला. खुशीत होता. मामानं बघितलेलं आणखी एक स्थळ त्यानं मोडलं.

मग माझ्या हातून चूक झाली. मी त्या दोघांच्या अंगणात एक शेळी आणून बांधली. दोन दाती, म्हणजे पुढचे दोनच दात बदललेली, पहिलटकर, एका बाजूची कास जरा जड. सांगताना मी रंगून गेलो. त्यानं मधेच पान थुंकलं, तोंड पुसलं आणि जीपकडं चालायला लागला. माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला. ज्या लेखकाच्या शेळीला वर दात होते, त्याच्या शेळीला दोन भागांनंतर बरोब्बर दोनच दात कसे आले, हे त्याला कळलं होतं.

पुढच्या बाजारी तो सकाळीच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आमच्या मध्ये जनावर नव्हतं. त्यानं माझा हात घेतला आणि वर स्वतःचा रुमाल टाकला. आजूबाजूचे लोक आपापल्या सौद्यात होते.

"खरं पुस्तकात काय हाय? ते दोघं राहिले का?"

रुमालाखाली खोटं सांगत नाहीत. मी मूठ मिटली. त्यानं ती मूठ तशीच धरून ठेवली.

"कोन मेलं?"

"रेडिओवाला. ट्रकखाली."

"आन् मास्तर?"

"लगीन केलं त्यानं."

त्यानं माझी मूठ सोडली. मी म्हणालो, त्या लेखकाला शेळीचे दात माहीत नाहीत, त्याला हे काय माहीत असणार? मी सांगितलं तेच खरं धर. अरे, आपल्या बाजारात हजारांचे सौदे तोंडी होतात, कागद कुठं लागतो?

"तुझं तोंडी हाय, गड्या," तो म्हणाला. "त्याचं छापलेलं हाय."

जन्मभर ज्यानं एका अक्षराला हात लावला नाही, बोटाच्या दाबावर ज्याचा सगळा धंदा, त्यानं माझ्याबाबतीत तेवढा कागद मानला. रुमाल झटकला आणि खांद्यावर टाकला. त्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. मी गेलो, जेवलो, आणि बँडवाल्याशी भांडलो, कारण कुणाशी तरी भांडायचंच होतं. खोली मी एकट्यानं घेतली. खुंटी हलतच होती, ती मी पक्की केली. चौथा भाग वाचनालयाला परत केला नाही, विकतच घेऊन टाकला. सदऱ्यांच्या घडीखाली अजून आहे.

दोन हजार सालानंतर हिंगोलीत नेट कॅफे आले. मी आडोशाच्या खुर्चीवर बसून अशा गोष्टी शोधायला शिकलो. हिंदीतल्या, क्वचित मराठीतल्या, रोज थोड्या थोड्या टाकलेल्या मालिका. भरपूर वाचल्या. बदल झाला आहे, हे मान्य करतो. आता दोघांपैकी कुणाला मारत नाहीत, परदेशी पाठवतात. तिथं बर्फ पडतो आणि प्रश्न मिटतो. नायक दोघंही देखणे, दोघंही पैसेवाले, कुणाच्या अंगाला कसला वास येत नाही. मला प्रश्न पडतो, ज्याच्या सदऱ्याला बोकडाचा वास येतो त्याच्यावर कुणी प्रेम करत नाही काय? भांडतात तेही फोन उचलला नाही म्हणून. पाण्याच्या घागरीवरून एकही जोडी भांडलेली मला सापडली नाही. आणि चहा अजून कुणीच ठेवत नाही, तो आपोआप समोर येतो.

एका मालिकेखाली वाचकांना मत लिहायची जागा होती. मी दोन बोटांनी टाइप करून विचारलं की यांच्या घरात सकाळी आधी कोण उठतं. कुणीतरी खाली हसरा चेहरा टाकला. तेवढंच.

त्या पहिल्या लेखकालाही मी प्रकाशकाच्या पत्त्यावर तीन वेळा लिहिलं. एक पत्र परत आलं, दोन परतही आली नाहीत. भागीदार आता बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बसतो. लेकरं शाळेत जातात, थोरली पोरगी वाचण्यात हुशार आहे म्हणे. कधी सौद्याच्या निमित्तानं आमचे हात रुमालाखाली येतात. भाव ठरला की तो लगेच हात काढून घेतो.

म्हणून हे छापायला देतोय. लेखकमहाशय, तुम्ही कुठं असाल ते असा. शेळीचे दात मी सोडून दिले, चांदणंही सोडलं. पण त्या ट्रकचा ब्रेक दुसऱ्या कुणाच्या पायाखाली नव्हता, तुमच्याच होता. तो का दाबला नाही, ते सांगा. आणि मला तोंडी उत्तर नको. छापून द्या.