दुसरी खेप

नातसुनेनं भिजलेला कापूस उन्हात पसरला आणि त्या वासानं मी आमच्या दक्षिणगंगेच्या काठावर जाऊन पोचले. निजामाच्या अमदानीतली गोष्ट. मी नवी नवरी, सासरी निघालेली. नावेत सासऱ्यांचे कापसाचे गठ्ठे भरलेले.

"वजन लई झालं, मालक. एक गठ्ठा उतरवा," नावाडी म्हणाला.

"आभाळ आलंय, कापूस भिजंल. सून येईल दुसऱ्या खेपेला," सासरे म्हणाले.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पाण्याकडे पाहत राहिला. हळदीच्या अंगानं मी परक्या माणसांत उतरले आणि शरमेनं पदर हनुवटीपर्यंत ओढला.

दुसऱ्या खेपेला मला न्यायला परत आलेल्या त्याच नावाड्यानं मान वर केली नाही. तोही मला हलकी समजतोय, असं तेव्हा वाटलं. आता कळतं, माझ्या नवऱ्याला वाटायला हवी होती ती लाज त्याला वाटत होती.