राऊच्या म्हशी आणि माझी बंदूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला ठाऊक आहे, पण ती तेव्हा घरातच होती; तिला सांगावं लागलं नाही. तुम्हाला सांगतो — आता नाही तर मग कधी?

शिवाजी पेठेत माझी ख्याती काय? तर बंदुकीनं जमाव परतवणारा मास्तर. वाचनालयात वाद निघतो — साध्या माणसानं जिवाच्या भीतीपोटी घरात बंदूक ठेवावी की नाही? — आणि सगळे माझ्याकडे बघतात. मीही घसा खाकरून सुरू करतो. दहा वर्षं तेच सांगतोय.

खरं काय घडलं? अठ्ठेचाळीस साली दिल्लीतल्या त्या खुनाची बातमी आली आणि आमच्यासारख्या ब्राह्मणांची घरं पेटू लागली. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना जमाव आमच्या बोळात शिरला. राऊ गवळी तेव्हा दारात होता. आमच्याकडे म्हैस दारात आणून डोळ्यांदेखत धार काढून द्यायची रीत. त्यानं धार अर्ध्यावर सोडली, दोन्ही म्हशी उंबऱ्यापुढे आडव्या बांधल्या आणि त्यांच्या पुढे उभा राहिला. मी वडिलांची एकनळी बंदूक खिडकीतून बाहेर काढली. त्यानं मान न वळवताच सांगितलं, "गुरुजी, ते नळकांडं आत घ्या. त्यास्नी दिसलं तर माज्याच्यानं बी आवरायचं न्हाय."

घेतलं आत. इथवर ठीक होतं. पण पुढे? — पुढे मी बंदूक कवटाळून धान्याच्या कोठीमागे जाऊन बसलो. बायको-मुलं माजघरात, आणि मी त्यांच्याही मागे. बाहेर राऊ एकेकाला नावानं हाक मारत होता, ‘तुज्या घरी दूध कोण घालतं?’ असं विचारत होता. एक धोंडा त्याच्या कानशिलात बसला. तरी तो हलला नाही. शेवटी जमावच निघून गेला. त्या कानानं राऊला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

संस्थान विलीन झालं, बंदुकीचा परवाना नवा करायचा होता, कचेरीनं कारण मागितलं. मी लिहिलं — याच बंदुकीनं जमाव परतवला. साक्षीला कोण? राऊ. कागद त्याच्या चांगल्या कानाशी वाचून दाखवला. लाज कशी वाटली नाही मला? तो हसला. "लिवा की, गुरुजी. तेवढ्यानं तुमास्नी झोप लागत आसंल तर लागू दे." आणि अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवशी म्हैस घेऊन पुन्हा दारात हजर. पेठेत कुणापाशी एक शब्द काढला नाही, कधीच नाही. इतकं मोठं मन मी दुसरं पाहिलेलं नाही. माझी मुलं आज हिंडती-फिरती आहेत ती त्याच्यामुळे. रोज सकाळी त्यांच्याकडे बघतो, ऊर भरून येतो आणि मनात त्याचं नाव घेतो. मनातच — मोठ्यानं कधी घेतलंय?

गेल्या पावसाळ्यात राऊ वारला. दसऱ्याला त्याचा थोरला मुलगा सोनं द्यायला आला. त्यालाही आता मुलंबाळं आहेत. बंदूक पूजेला मांडली होती. त्यानं आधी तिला हात जोडले, मग माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाला, "गुरुजी, त्या दिवशी तुमी बंदूक काढलीसा म्हणून आमचा बा वाचला."

मी त्याला उठवलं आणि आशीर्वाद दिला.