पहिलं नाव माझंच

लातूरच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बसवून चहा मागवला, असं तोवर कधी झालं नव्हतं. माझा शोधनिबंध त्यांच्या टेबलावर होता. आधी ते पाणीटंचाईवर बोलले, मग पुण्यातल्या मुलावर. शेवटी म्हणाले, "मॅडम, काम चांगलंय. पहिलं नाव माझं टाका, दुसरं तुमचं."

काम कंपायलरचं होतं. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवतो तो कंपायलर. आजच्या साध्या लॅपटॉपमध्येही अनेक प्रोसेसर असतात, पण जुने प्रोग्रॅम एकालाच राबवतात आणि बाकीचे बसून राहतात. काम वाटून द्यावं, तर एकाचं उत्तर दुसऱ्याला लागत असेल तिथं सगळं चुकतं. तसं होईल की नाही, हे पुष्कळदा प्रोग्रॅम चालू झाल्याशिवाय कळत नाही, म्हणून कंपायलर घाबरून वाटणीच करत नाही. मी त्याला ऐन वेळी एक छोटी तपासणी करायला शिकवलं होतं. धोका नसेल तर वाटून दे, असेल तर जुन्या पद्धतीनं कर.

सरांनी यातलं काही वाचलं नव्हतं. लॅब विभागाची आहे, आपल्या ओळखी आहेत, इकडच्या बाईचं नाव बघून कोण वाचणार, असं ते समजावत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला ही जागा कशी मिळाली ते सगळ्यांना माहितीय. उगीच ताणू नका."

आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घराला हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकावं लागलंय. मी शाळेत ऐकलं, कॉलेजात ऐकलं, आणि दर वेळी गिळलं. त्या दिवशी गिळता येईना.

"सर," मी म्हटलं, "यातली कुठलीही एक ओळ मला समजावून सांगा. पहिलं नाव तुमचं."

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. पुढच्याच आठवड्यात, परीक्षेच्या कामाला लागतो म्हणून, लॅबमधल्या ज्या मोठ्या सर्व्हरवर मी चाचण्या घेत होते, तो माझ्याकडून काढून घेतला.

शनिवारी मी नांदेडला आईकडे गेले. वडील गेल्यापासून ती तिथं एकटीच राहते. त्याआधी सगळं आयुष्य हदगावला दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचण्यात गेलं. मी तिला सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं, की नाव देऊन टाकलं तर सर्व्हर परत मिळेल, कटकट मिटेल.

ती मेथी निवडत होती. "मी सही शिकले तव्हा तू धावीला होतीस," ती म्हणाली. "माझं नाव माझ्या हाताला यायला लई उशीर झाला. तू तुझं कामून देऊन राहिलीस?"

मी तिच्यासमोरची अर्धी जुडी ओढली आणि निवडायला लागले.

जगभरातले लोक मिळून घडवतात आणि कुणालाही फुकट वापरता येतो, असा एक कंपायलर आहे. निबंध बाजूला ठेवून मी माझं काम सरळ त्या लोकांकडं पाठवलं. कुठल्याशा देशातल्या एका इंजिनिअरनं हरकत घेतली, की लहानसहान कामात ही तपासणीच कामापेक्षा जास्त वेळ खाते. मी चिडले. मग स्वतः चालवून बघितलं, तर त्याचं बरोबर होतं. आणि कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. त्याला माझं आडनाव, गाव, जागा कशी मिळाली, काही नको होतं. त्याला फक्त चूक दिसली होती.

उन्हाळ्याची सुट्टी नांदेडला आईच्या घरात ती चूक काढण्यात गेली. लाइट गेली की कूलर बंद पडायचा, लॅपटॉप तापायचा. आई ओलं फडकं आणून माझ्या मानेवर टाकायची. सुट्टी संपायच्या आत काम स्वीकारलं गेलं, माझ्या नावानं.

मग पदोन्नतीची मुलाखत आली. बाहेरच्या तज्ज्ञांनी विचारलं, तुमच्या संशोधनाचा प्रभाव काय? मी म्हटलं, माझी पद्धत आता त्या कंपायलरमध्ये आहे, जगभर वापरतात. ते म्हणाले, ते सॉफ्टवेअर झालं, संशोधन कुठंय? विभागप्रमुख शेजारीच बसले होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले. पद मिळालं नाही.

मी निबंध एकटीच्या नावानं पाठवला. तो छापून आला. काही महिन्यांनी हवामानाचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीनं चेन्नईहून लिहिलं, की पुराचा अंदाज काढणारा तिचा प्रोग्रॅम आधी रात्रभर चालायचा, आता तिचं जेवण होईपर्यंत उत्तर येतं. ही बातमी स्थानिक पेपरात आली आणि महाविद्यालयानं लगोलग माझा सत्कार ठरवला.

आई पहिल्या रांगेत बसली होती. विभागप्रमुखांनी प्रास्ताविकात 'आमच्या मार्गदर्शनाखाली' हे शब्द पुन्हा पुन्हा वापरले. शाल घेऊन प्राचार्य पुढं आले. मी त्यांना थांबायची विनंती केली आणि माईक घेतला.

"विभागानं मला मदत केली असती तर मी ती आनंदानं सांगितली असती," मी म्हटलं. "केली नाही. होता तो सर्व्हर काढून घेतला. मार्गदर्शन कुणाचंही नव्हतं. हे काम माझं आहे."

टाळ्या वाजल्या नाहीत. प्राचार्यांनी घाईघाईनं शाल खांद्यावर टाकली. मी ती घडी करून खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरले.

नांदेडच्या बसमध्ये आईनं अहमदपूर येईपर्यंत खिडकीची काच वरखाली करून बघितली. मग म्हणाली, "माईकवर तुझा आवाज कापून राहिला होता."

"हाव," मी म्हटलं.

"कापू दे. समद्यांना ऐकू गेला."

नांदेडला स्टँडवर उतरून आम्ही गरम भजी खाल्ली.

पदोन्नती अजून झालेली नाही. मधे पुण्याहून एक चांगली नोकरी चालून आली होती. मी लातूर सोडावं अशी ज्यांची इच्छा आहे त्यांनी मला गोड बोलून जायला सांगितलं. मी गेले नाही. आता पडद्यावरची चित्रं उभी करणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरसाठी तीच वाटणी बसवून बघतेय. तिथलं गणित वेगळंच आहे आणि अजून माझ्या हाती लागलेलं नाही. लागेल.