खोकल्याची ना-हरकत

"मेला होता तरी कोण हा खोकल्या?" मोठ्या बाई टेबलावर अर्ज आपटत म्हणाल्या. "चोर होता, दरोडेखोर होता, का कुणाचं भूत होतं? माझ्या शाळेच्या कपाळावर त्याचं नाव कशाला?"

"बाई, आधी बसा तर खरं. त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, तेवढा सांभाळा," अक्का म्हणाली.

अक्का खाली फरशीवर बसून टेप पुसत होती. पन्नास मीटरचा पोलादी टेप. एका हातात तेलाची चिंधी आणि दुसऱ्या हातानं गुंडाळी, वीतवीत करत पुढं सरकायचं. मोजणी कार्यालयात तिला लागून बत्तीस वर्षं झाली. टेपचं शून्याचं टोक तिच्या हातात, पुढचं टोक दुसऱ्या कुणाच्या तरी. पुढची माणसं बदलली, बढत्या घेऊन गेली, दोघं तर देवाघरी गेली. शून्य मात्र अक्काकडंच राहिलं.

मोठ्या बाई म्हणजे खोकल्याच्या टेकडीवरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. वस्तीतल्या चारशे लोकांच्या सह्या घेऊन आल्या होत्या. टेकडीचं नाव बदला, रस्त्याचं बदला, शाळेचं तर उद्याच्या उद्या बदला.

"सामन्याला दुसऱ्या शाळेची पोरं येतात, तर मैदानात उतरल्या उतरल्या सगळी एका सुरात खोकतात," बाई सांगत होत्या. "नोकरीला गेलं, की पत्ता वाचून साहेब रुमाल काढतो नाकाला. पोरीला स्थळ आलं तर आधी विचारतात, छातीचा फोटो काढलाय का? हसताय काय साहेब?"

तरुण मोजणीदार साहेब हसत होते खरे. त्यांनी हसू गिळलं आणि छापील फॉर्म पुढं ओढला. "बाई, तुमचं काम सोपं आहे. नाव बदलायला एकच रकाना आडवा येतो. नावाचा उगम. ओढा, झाड, दगड असं काही असेल तर ते लिहायचं. माणसावरून असेल तर वारसांची ना-हरकत लागते, त्यांना नोटीस काढायची, सहा महिने वाट बघायची. आणि काहीच माहीत नसेल, तर उगम अज्ञात. अज्ञात लिहिलं की पंधरा दिवसांत फाईल मोकळी."

"मग लिहा अज्ञात! पुढच्या सामन्याच्या आत पाटी बदलून होईल."

"लिहितो की. पण अक्का सगळ्यात जुन्या. अक्का, तुम्हाला आहे का काही माहिती?"

अक्काची चिंधी एकाच आकड्यावर घासत राहिली. "उद्या सांगते," ती म्हणाली. "आठवून बघावं लागेल."

आठवायला काही लागत नव्हतं. खोकल्या तिचा बाप होता.

या शहराची निम्मी नावं कशी पडली ते कुठल्या कागदात सापडायचं नाही, पण अक्काला पाठ होतं. शहर व्हायच्या आधी इथं नुसतं माळरान. पहिले मोजणीवाले आले, एक थोरले साहेब आणि चार गडी. प्रत्येक ठिकाणी लोखंडी खुंटी ठोकायची आणि वहीत आकडा टाकायचा. पण गड्यांना आकडा वाचता येत नव्हता. "उद्या सतराव्या खुंटीवर या," म्हटलं की चौघं चार दिशांना. थोरले साहेब कंटाळले आणि गडी जे म्हणतील तेच आकड्याशेजारी पेन्सिलीनं लिहू लागले. जेवायला बसायचे ते डबाझाड. खुंटी उलटी ठोकली गेली ती उलटी खुंटी. एका ठिकाणी मधमाश्या उठल्या आणि थोरले साहेब टोपी टाकून जे सुटले ते ओढ्यातच जाऊन बसले, ते ठिकाण पळापळ.

पक्का नकाशा करताना पेन्सिलीचं सगळं खोडायचं असतं. पण शाईनं नकाशा उतरवणारा माणूस नवा होता. त्याला कुणी सांगितलंच नाही. त्यानं अंथरूण, पांघरूण, सगळं बिऱ्हाड उचलावं तसं आकड्यांसकट शब्दही शाईत उतरवले. नकाशावरून नळवाल्यांनी नावं घेतली, नळवाल्यांकडून टपालवाल्यांनी, टपालवाल्यांकडून शाळांनी. आज पळापळ चौकात तीन बँका आहेत, मोठमोठे डॉक्टर आहेत, आणि तिथला माणूस छाती काढून सांगतो, आम्ही मूळचे पळापळचे!

चार गड्यांतला झेंडी धरणारा तो अक्काचा बाप. आधी खडीच्या खाणीत होता, धूळ छातीत बसलेली. खोकला असा, की मैलावरून कळावं. टेकडीची मोजणी होती त्या दिवशी दाट धुकं पडलं. वरची झेंडी काही केल्या दिसेना. थोरले साहेब दुर्बिणीला डोळा लावून शिव्या घालत होते. शेवटी ओरडले, "अरे, दिसत नाहीस तर निदान खोक तरी!" बाप खोकला. साहेबांनी आवाजाच्या दिशेला दुर्बीण वळवली, पुन्हा खोकायला लावलं, पुन्हा वळवली. धुकं निवळल्यावर बघतात तर झेंडी बरोबर भिंगाच्या मध्यावर. त्या दिवसापासून टेकडी खोकल्याची, आणि बापही खोकल्याच. घरी येऊन त्यानं ही गोष्ट इतक्यांदा सांगितली, की ऐकून ऐकून अक्काचे कान किटले होते.

त्याची दुसरी काही खूण मागं नव्हती. फोटो नाही, घर भाड्याचं. नकाशावरचा तो एक शब्द काय तो.

दुपारी शाळेच्या मागच्या कुंपणाची मोजणी निघाली. शेजाऱ्यानं भिंत आत सरकवल्याची तक्रार बाईंनीच महिन्यापूर्वी दिलेली. अक्का वर्गाच्या खिडकीखाली शून्य धरून उकिडवी बसली. साहेब पलीकडच्या टोकाला शेजाऱ्याशी वाद घालत होते, त्यामुळं बसून राहण्यावाचून काम नव्हतं.

खिडकीतून तिसरी-चौथीचा वर्ग दिसत होता. कडेच्या बाकावर एक किरकोळ पोरगी ओठ गच्च मिटून बसली होती. डोळ्यांत पाणी, गाल फुगलेले, मानेची शीर टरटरून आलेली. अक्काला वाटलं, हिच्या पोटात दुखतंय. मग पोरीनं बोट वर केलं, बाहेर आली, भिंतीच्या कोपऱ्याआड गेली आणि रुमाल तोंडात कोंबून खोकली. एकदा, दोनदा, पाच वेळा. ढास थांबता थांबेना.

"अगं, वर्गातच खोकायचं की," अक्का म्हणाली.

पोरगी दचकली. "नको. चिडवतात."

"इथलीच पोरं?"

"बाहेरची सगळ्यांना चिडवतात, मग आमची पोरं मला चिडवतात. म्हणतात, खरी खोकल्याची हीच." तिनं नाक पुसलं. "आई सांगते, आत गिळ."

"खोकला गिळतात होय? काढ तो बाहेर. मोकळी खोक, मी आहे इथं."

पोरीनं आजूबाजूला बघितलं आणि खोकली, पण हलक्यानं, चोरी केल्यासारखी. मग पळत वर्गात गेली. अक्काच्या हातातलं शून्य जाग्यावरून हललं होतं. साहेब पलीकडून ओरडले, "अक्का, चार बोटं कमी कशी झाली?" बत्तीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

घरी आई लसूण सोलत बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, पण तोंड चाळिशीतलं. अक्कानं जेवायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, पोरीचंसुद्धा.

"जाऊ दे नाव," आई म्हणाली. "पोरं खोकला गिळायला लागली तर ते नाव काय चाटायचंय? मी तर त्याला कितीदा म्हटलं होतं, लोक तुला आजारावरून हाक मारतात आणि तू ओ कसला देतोस? तर म्हणायचा, पगारही त्याच नावावर येतो."

"मग काही बोलू नको ना मी? अज्ञात लिहितील आणि मोकळे होतील."

आईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "काय लिहितील?"

"अज्ञात. म्हणजे कोण होता ते माहीत नाही."

"माहीत नाही? एकतीस वर्षं मी त्याचा डबा भरला. अज्ञाताचा डबा भरत होते काय मी? त्याच्या खोकल्यानं रात्र रात्र झोप नाही, ती काय अज्ञातानं घालवली?" आईनं लसणाचं ताट सरकवलं. "नाव काढा, फेका, काय करायचं ते करा. पण कोण होता ते आधी लिहून घ्या म्हणावं. आण कागद. अंगठा देते मी."

"सहा महिने थांबवतील आई, वारसांना नोटीस काढून."

"वारस दोन. एक लसूण सोलतेय, दुसरी माझं डोकं खातेय. नोटीस कुणाला काढतात?"

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई साहेबांच्याही आधी हजर. साहेबांनी पेन उघडून रकान्यावर टेकवलं.

"अज्ञात नको," अक्का म्हणाली. "लिहा. टेकडीच्या पहिल्या मोजणीत झेंडी धरणारा गडी. धुक्यात झेंडी दिसेना, म्हणून त्याच्या खोकण्यावर मोजणीची रेघ धरली, त्यावरून नाव."

साहेबांचं पेन थांबलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. माझा बाप तो."

मोठ्या बाईंनी जीभ चावली. कालचं चोर, दरोडेखोर, भूत, सगळं एकदम त्यांच्या तोंडावर आलं असावं. "अक्का, मला काय ठाऊक... मी आपली रागाच्या भरात..."

"असू दे हो बाई. माझी आई त्याला याहून वाईट बोलायची."

"पण अक्का," साहेब हळूच म्हणाले, "माणसावरून आलं म्हणजे आता सहा महिने..."

अक्कानं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. खाली तिची सही, शेजारी निळा, थोडा फरकटलेला अंगठा. कागदाला लसणाचा वास. "वारस दोघीच. आमची हरकत नाही. नोटीस काढायचीच असेल तर द्या इकडं, वाचून लगेच परत देते."

साहेबांनी कागद दोनदा वाचला, टाचणी लावली आणि उगमाच्या रकान्यात अक्कानं सांगितलं तसं लिहायला घेतलं. अक्षर बारीक करावं लागलं. रकाना एका शब्दापुरताच होता. उरलेलं त्यांनी समासात वर चढवलं.

मोठ्या बाई खुर्चीवरून उठून अक्काजवळ आल्या. "मी काय म्हणते, वडिलांचं खरं नाव देऊ या ना शाळेला. वस्ती माझं ऐकेल."

"नको बाई. त्या नावानं हाक मारली असती तर त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नसतं. तुम्ही पोरांनाच विचारून काहीतरी ठेवा. आणि ती कडेच्या बाकावरची बारकी आहे ना, तिला डॉक्टरला दाखवा. तो खोकला पाटी बदलून जायचा नाही."

"आजच नेते," बाई म्हणाल्या आणि अर्जाची पोच न घेताच निघाल्या. साहेबांनी त्यांना दारातून परत बोलावून पोच दिली.

"अक्का, नऊ वाजले," साहेबांनी फाईल बांधली. "उलट्या खुंटीवर गटाराची मोजणी आहे. दोन भाऊ काठ्या घेऊन उभे असतील."

"काठ्या असल्या तर बऱ्या. खुंट्या न्यायला नकोत."

अक्कानं टेपची गुंडाळी खांद्याला लावली, चिंधी कमरेला खोचली आणि हातोडा साहेबांच्या हातात दिला. गटारावर दोघं भाऊ खरंच उभे होते, तोंडं दोन दिशांना करून. थोरल्याच्या घराच्या कोपऱ्याला खुणेचा दगड होता. अक्कानं पायानं त्यावरचा केर सारला, वाकली, शून्य दगडाच्या फुलीवर अंगठ्यानं दाबून धरलं आणि ओरडली, "हं साहेब, ओढा!"